ग्लॉक १९ मध्ये मॅच बॅरल टाकलं, सातशे राउंडनंतरचा अनुभव

सरळ मुद्द्याचं सांगते. माझ्याकडे ग्लॉक १९ जनरेशन ५, म्हणजे त्या नऊ एमएम पिस्तुलाची पाचवी आवृत्ती आहे. त्याचं कंपनीचं, म्हणजे पिस्तुलाबरोबर आलेलं बॅरल काढून त्यात दोनशे वीस डॉलरचं मॅच बॅरल, म्हणजे जास्त अचूक नेमासाठी बनवलेली नळी बसवली, सातशेच्या वर गोळ्या मारल्या आणि वही घेऊन बसून मोजमापं केली. पिस्तूल टेकूवर ठेवून मारलं तर ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते, थोडं आवळलं. हातात धरून मारलं तर काही म्हणजे काही फरक पडला नाही. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, पण हे असं का होतं ते कळलं की पैसे कुठे घालायचे तेही कळतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजात एनसीसीत होते, तिथे पॉइंट टू टू रायफलवर पहिल्यांदा नेम धरला. शिकवणाऱ्या उस्तादांचं एकच पालुपद असायचं, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त म्हणजे नीट धरलेला नेम, आणि ट्रिगर असा दाबायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही आधी कळू नये. टारगेट आणलं की ते मधोमध लागलंय का हे आधी बघायचेच नाहीत, पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्यात ते बघायचे. जवळ असतील तर कोपऱ्यात का असेनात, साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवून मधे आणता येतात, पण सगळीकडे विखुरलेल्या असतील तर साइट सरकवून करणार काय. ग्रुपिंग हा शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. आता ह्यूस्टनच्या बाहेर राहते, ग्रीन कार्ड झाल्यावर पिस्तूल घेतलं त्याला चार वर्षं झाली, महिन्यातले दोन शनिवार रेंजवर आणि एक रविवार लोकल मॅचला, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेला, जाते. इथल्या मराठी मंडळींना एक सांगून ठेवते, एच-वन-बी सारख्या व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, शिकारीच्या लायसनसारखे मोजके अपवाद आहेत, तेव्हा मित्राने दिली म्हणून घरी आणून ठेवू नका, आधी वकिलाला विचारा.

बॅरलचं खूळ कुठून आलं तर मॅचमधूनच. २५ यार्डांवरची, म्हणजे साधारण २३ मीटरवरची टारगेटं आली की माझे हिट ए झोनच्या बाहेर जायचे. हा ए झोन म्हणजे टारगेटच्या मधला सगळ्यात जास्त मार्कांचा भाग, जवळजवळ सहा इंच रुंद आणि अकरा इंच उंच. आमच्या स्क्वॉडमधल्या एकाने सांगितलं की कंपनीच्या बॅरलवर एवढंच होणार, मॅच बॅरल घे, ग्रुप अर्धा होईल. अर्धा हा शब्द कानात राहिला. महिनाभर व्हिडिओ बघितले, प्रत्येकात कुणीतरी एकच सुंदर ग्रुप दाखवतं, टारगेटवर नाणं ठेवून फोटो. शेवटी ऑर्डर केलं. ते बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि माझ्या एका नगावरून कुणाचं नाव खराब करायचं नाहीये. स्टेनलेस स्टीलचं, कंपनीच्या बॅरलइतक्याच लांबीचं म्हणजे १०२ मिलिमीटर, पुढे आटे नसलेलं साधं बॅरल आहे, एवढं पुरेसं आहे. घेताना जनरेशन बघून घ्या, जनरेशन ३ आणि ४ चं बॅरल वेगळं आणि ५ चं वेगळं, हे बरेच जण चुकतात.

आता खरी गोष्ट. लोकांना वाटतं बॅरल म्हणजे नळी, नळी जितकी चांगली तितका नेम चांगला. रायफलमध्ये ते बऱ्यापैकी खरं आहे कारण तिथे बॅरल घट्ट बसवलेलं असतं. राही सरनोबत ज्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात खेळते, ज्यात तिने २०१८ च्या एशियन गेम्सला सुवर्ण आणलं आणि आमच्या अख्ख्या कोल्हापूरने पेढे वाटले, त्या पॉइंट टू टू पिस्तुलांतही बॅरल जागचं हलत नाही. पण ग्लॉकसारख्या नऊ एमएम पिस्तुलात बॅरल प्रत्येक गोळीला हलतं. गोळी सुटते तेव्हा बॅरल आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, एकमेकांत अडकलेले असतात, दोघं मिळून थोडंसं मागे जातात, मग बॅरलचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड मोकळी होऊन पूर्ण मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, परत येताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस पुढे ढकलते आणि बॅरलला वर उचलून पुन्हा अडकवते. ही जुनी आणि खात्रीची रचना आहे, १९११ सालच्या अमेरिकन लष्करी पिस्तुलातसुद्धा बॅरल असंच झुकतं.

आणि साइट कुठे असतात? स्लाइडवर. बॅरलवर नाही. म्हणजे तुम्ही शिस्त घेता ती स्लाइडची आणि गोळी जाते ती बॅरलमधून, आणि ही दोघं प्रत्येक गोळीला एकमेकांपासून सुटून परत जुळतात. परत जुळताना बॅरल दरवेळी अगदी त्याच जागी बसलं तर ग्रुप लहान, केसभर इकडेतिकडे बसलं तर ग्रुप मोठा. तेव्हा मॅच बॅरलचे पैसे खरं तर आतल्या रायफलिंगचे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या चरांचे, कमी आणि ह्या बसण्याचे जास्त असतात. मागचं टोक, ज्याला हूड म्हणतात, ते स्लाइडच्या खिडकीत किती चपखल बसतं, तोंडाकडचा भाग स्लाइडच्या भोकात किती कमी हलतो, आणि खालचा लग म्हणजे उंचवटा बॅरलला वर किती दाबून धरतो, ह्या तीन जागा. नळी आतून आरशासारखी असली आणि ह्या तीन जागा ढिल्या असल्या तर काही उपयोग नाही.

हे तुम्ही घरी बघू शकता. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा, परत एकदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड पुढे बंद असताना वरून जे बॅरल दिसतं त्याच्यावर अंगठ्याने जोरात दाबा. माझ्या पिस्तुलात कंपनीचं बॅरल दाबल्यावर किंचित खाली जायचं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं, पण अंगठ्याला स्पष्ट कळायचं, जुन्या कपाटाच्या दाराला असतं तसं. नवीन बॅरल टाकल्यावर तेच दाबलं तर काही नाही, ठोकळ्यावर दाबल्यासारखं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की नवऱ्याला बोलावून दाबायला लावलं. हूडवर काळा मार्कर फासून पन्नास गोळ्या मारल्या आणि उघडून बघितलं तर शाई कुठे घासली गेली ते दिसतं, डावीकडे जास्त घासली होती आणि उजवीकडे जवळजवळ तशीच होती, म्हणजे बसलंय छान पण एका अंगावर. ड्रॉप-इन म्हणजे खोक्यातून काढून थेट बसणारं बॅरल असंच असणार, कारण बनवणाऱ्याला ते हजारो वेगवेगळ्या पिस्तुलांत बसवायचंय, त्यामुळे थोडी जागा सोडावीच लागते. दुसरा प्रकार मुद्दाम मोठ्या मापाचा येतो, तो थेट बसतच नाही, गनस्मिथ तुमचं पिस्तूल समोर ठेवून कानस मारत मारत बसवतो. खरी चपखल बैठक त्याच्यात मिळते, आणि त्याचे मजुरीचे पैसे वेगळे.

तपासणी कशी केली ते सांगते, कारण नुसतं चांगलं वाटलं म्हणण्याला अर्थ नाही. आउटडोअर रेंज, २५ यार्ड, बाकावर वाळूच्या पिशव्या, पिस्तुलाची फ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, पिशवीत रुतवलेली. माझं मॉडेल एमओएस आहे, म्हणजे स्लाइडवर रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, बसवायची सोय असलेलं, एरवी मी साध्या साइटवर मारते पण तपासणीसाठी डॉट लावला, म्हणजे माझ्या डोळ्याची चूक त्यात कमीत कमी मिसळेल, चाळिशी लागल्यापासून पुढची माशी, म्हणजे पुढची साइट, आणि टारगेट दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही. दोन प्रकारची काडतुसं, एक ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त सरावाची आणि एक १२४ ग्रेनची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली. प्रत्येक बॅरलमधून प्रत्येक काडतुसाचे पाच पाच गोळ्यांचे सहा ग्रुप. दर दोन ग्रुपनंतर बॅरल बदलायचं, नाहीतर सकाळी मी ताजी असताना एक बॅरल आणि दुपारी दमल्यावर दुसरं असं झालं असतं. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घेऊन त्यातून गोळीचा व्यास वजा केला. एकशेवीस गोळ्या, चार तास, मे महिन्यातलं टेक्सासचं ऊन.

निकाल असा. सरावाच्या ११५ ग्रेनवर कंपनीच्या बॅरलची सरासरी ३.४ इंच, नवीनची ३.१. चांगल्या १२४ ग्रेनवर कंपनीच्या बॅरलची २.६ आणि नवीनची २.१. आता हे आकडे पुन्हा एकदा नीट बघा. बॅरल बदलून मला ०.३ ते ०.५ इंच मिळाले. काडतूस बदलून, बॅरलला हातही न लावता, ०.८ इंच मिळाले. कंपनीचं बॅरल आणि चांगलं काडतूस ही जोडी नवीन बॅरल आणि स्वस्त काडतूस ह्या जोडीच्या अर्धा इंच पुढे होती. मी हे रात्री जेवणाच्या टेबलावर वहीत मांडलं तेव्हा दोनदा बेरीज तपासली.

आणखी एक गोष्ट त्या वहीत आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. एकाच बॅरलचे, एकाच काडतुसाचे सहा ग्रुप घेतले तरी ते सारखे येत नाहीत. कंपनीच्या बॅरलचा सरावाच्या काडतुसांवर सगळ्यात छोटा ग्रुप २.२ होता आणि सगळ्यात मोठा ४.५. म्हणजे मी फक्त तो २.२ वाला फोटो काढून टाकला असता तर तुम्ही म्हणाला असता वा काय पिस्तूल आहे, आणि नवीन बॅरलचा ३.९ वाला शेजारी ठेवला असता तर म्हणाला असता नवीन बॅरल बिघडलंय. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काहीच ठरत नाही. नाणं ठेवून काढलेला फोटो दिसला की विचारा, बाकीचे ग्रुप कुठे आहेत. माझेही सहा सहा खूप नाहीत, ०.३ चा फरक त्या गोंधळात सहज बुडू शकतो, ०.५ वाल्यावर मात्र माझा बराच विश्वास आहे कारण तिथे सहाच्या सहा ग्रुप नवीन बॅरलच्याच बाजूने कौल देताना दिसतात.

आणि हो, बॅरल बदललं की ग्रुपची जागा सरकते. माझा ग्रुप जवळजवळ दीड इंच खाली आणि डावीकडे गेला, डॉट परत झिरो करावा, म्हणजे गोळ्या पडतात त्या जागेशी जुळवून घ्यावा लागला. मॅचच्या आदल्या दिवशी बॅरल बदलायचं असेल तर नका बदलू.

मग हातात धरून मारलं. दोन आठवड्यांनी, साध्या साइट, उभं राहून दोन्ही हातांनी, २५ यार्ड, घाई नाही. दोन्ही बॅरलचे ग्रुप पाच ते सहा इंचांच्या दरम्यान. वहीत कुठलं पान कुठल्या बॅरलचं ते झाकून नवऱ्याला विचारलं, त्याला सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आलं नसतं.

हे का होतं त्याचा साधा हिशोब आहे. ग्लॉक १९ च्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अंतर साधारण १५ सेंटीमीटर. २५ यार्ड म्हणजे त्याच्या जवळजवळ दीडशेपट. म्हणजे पुढची माशी मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला दिसत असताना गोळी सुटली तर तिकडे टारगेटवर ती १५ सेंटीमीटर म्हणजे सहा इंच बाजूला पडणार. अर्धा मिलिमीटर चुकलं तर तीन इंच. बॅरलने मला जास्तीत जास्त अर्धा इंच दिला, तो मी माशी एक मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढी हलवून घालवून बसते, आणि उभं राहून दोन्ही हात पुढे धरले की माशी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त हलते, माझीच नाही, सगळ्यांची.

दुसरं म्हणजे ट्रिगर. ग्लॉकचा ट्रिगर सुटायला साधारण अडीच किलोचा दाब लागतो. रिकामं पिस्तूल पाऊण किलोसुद्धा नाही. स्वतःच्या वजनाच्या तिप्पटचौपट जोराने एका बोटाने ओढायचं आणि ते जागचं हलू द्यायचं नाही, हे सगळं कसब आहे. माझे ए झोनबाहेरचे हिट जवळजवळ सगळे डावीकडे खाली असायचे. उजव्या हाताने मारणाऱ्याचे हिट तिकडे जात असतील तर बहुतेक वेळा तो धक्क्याच्या अपेक्षेने मनगट खाली दाबतोय किंवा बोटाबरोबर सगळी मूठ आवळतोय. ते बॅरलचं दुखणं नाहीच. बॅरल खराब असतं तर हिट चारी बाजूंना विखुरले असते, उस्तादांनी वीस वर्षांपूर्वी सांगितलेलं तेच, आणि मी ते विसरून कॅटलॉग चाळत बसले होते.

आता तक्रार. मॅच बॅरलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, कंपनीच्या बॅरलपेक्षा अरुंद असते. कंपनीचं चेंबर मुद्दाम सैल ठेवतात कारण ते पिस्तूल पोलिसांच्या आणि सैन्याच्या हातात चिखलात धुळीत कुठलंही काडतूस घालून चालायला पाहिजे. माझ्या नवीन बॅरलमध्ये पहिल्या तीनशे राउंडमध्ये सात वेळा स्लाइड पूर्ण बंदच झाली नाही, तीन चार मिलिमीटर उघडी राहायची आणि ट्रिगर मेला. त्यातली एक वेळ मॅचच्या मधे, टायमर चालू असताना. सातही वेळा एकाच लॉटची स्वस्त काडतुसं होती, तीच काडतुसं कंपनीच्या बॅरलमध्ये आजवर एकदाही अडकली नाहीत. बॅरल विकणाऱ्यांना ईमेल केला, त्यांनी दुसऱ्या प्रकारची काडतुसं वापरून बघा आणि ब्रेक-इन होऊ द्या, म्हणजे वापरून रुळू द्या, असं कळवलं. पाचशेनंतर अडकणं कमी झालं हे खरं, पण थांबलं नाही. मला ह्याचा राग आहे, कारण जाहिरातीत ड्रॉप-इन लिहिलंय आणि अरुंद चेंबरबद्दल एक ओळ नाही.

तुम्ही घेतलंच तर गोळी मारायच्या आधी एक तपासणी करा. बॅरल पिस्तुलातून पूर्ण काढून हातात धरा, तोंड खाली, आणि तुमच्या नेहमीच्या खोक्यातलं एक एक काडतूस वरून चेंबरमध्ये सोडा. टक् असा आवाज येऊन तळाला बसलं पाहिजे, बोटाने फिरवलं तर फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटं केलं की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. चिकटून राहिलं तर ते काडतूस त्या बॅरलमध्ये भरवशाचं नाही. माझ्या त्या लॉटमधली दहातली दोन चिकटली. अर्ध्या तासाचं काम आहे, मी ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आणि जे पिस्तूल घरात स्वसंरक्षणासाठी ठेवलंय त्यात कंपनीचंच बॅरल राहू द्या, ह्या मताला माझ्याकडून काही सूट नाही. अर्ध्या इंचासाठी पिस्तूल चालेल का नाही ही शंका विकत घेऊ नये.

मग हे बॅरल कुणाच्याच कामाचं नाही का? तसं नाही. आमच्या रेंजवर एक सत्तरीतले आजोबा बुलसआय मारतात, एका हाताने, ५० यार्डांवर. त्या खेळात टारगेटचं दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं आहे, म्हणजे बॅरल २५ यार्डांवर तीन इंच देत असेल तर ५० वर ते सहा होतात, आणि माणूस कितीही अचूक असला तरी पिस्तूलच दहाच्या बाहेर फेकणार. त्यांच्या १९११ मध्ये गनस्मिथने बसवलेलं बॅरल आहे आणि त्यांना त्याची गरज आहे, कारण ते स्वतः पिस्तुलापेक्षा चांगले आहेत. ही कसोटी मला पटली. त्यांनी माझं पिस्तूल कंपनीच्या बॅरलसकट हातात घेतलं, एका हाताने २५ यार्डांवर दहा गोळ्या मारल्या, दहाच्या दहा माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. मी टारगेट घरी आणलंय, फ्रिजवर लावलंय.

दुसरे कामाचे लोक म्हणजे घरी काडतुसं भरणारे. ग्लॉकच्या आधीच्या पिढ्यांच्या बॅरलमध्ये आतून धारदार चर नसतात, गोलसर बहुकोनी रचना असते, आणि तांब्याचं आवरण नसलेल्या नुसत्या शिशाच्या गोळ्या त्यात वापरू नका असं ग्लॉक स्वतः सांगतं. नेहमीच्या चरांचं बाहेरचं बॅरल घेऊन बरेच जण शिशाच्या स्वस्त गोळ्या मारतात, तिथे बॅरलचे पैसे वसूल होतात, पण तो नेमाचा विषय नाही, खर्चाचा आहे. सायलेन्सरसाठी आटे पाडलेलं बॅरल लागतं त्यांचंही वेगळं, आणि ते काही राज्यांत चालत नाही, बघून घ्या. जनरेशन ५ वाल्यांनी हेही लक्षात घ्या की २०१७ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा ग्लॉकने बॅरलच नवीन दिलं, मार्क्समन बॅरल नावाचं, रायफलिंग आणि तोंडाची कड दोन्ही बदलून. तुमच्या हातात आधीच चांगली वस्तू आहे.

भारतातून वाचत असाल तर हे सगळं फक्त माहिती म्हणून वाचा. टेक्सासमध्ये बॅरल कुरियरने घरी आलं कारण इथे कायद्याने बंदूक म्हणजे नंबर कोरलेली फ्रेम. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, आणि नऊ एमएम साध्या लायसनवर मिळत नाही, लोकांकडे पॉइंट थ्री टू असतं. कुणी येताना बॅगेत घालून आण म्हणालं तर स्वच्छ नाही म्हणा. पिस्तूल शिकायचं असेल तर दहा मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करा, क्लबात जा, बालेवाडीला रेंज आहे, कोल्हापुरात तर ह्या खेळाची परंपराच आहे.

पैशांचं शेवटचं. दोनशे वीस डॉलरमध्ये मला पडणाऱ्या भावाने, राउंडला पंचवीस सेंट धरले तर, ८८० राउंड येतात. जूनपासून मी ते केलं. कंपनीचं बॅरल परत घातलं, दर शनिवारी शंभर राउंड, त्यातले पहिले पन्नास २५ यार्डांवर सावकाश, आणि रोज रात्री घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव, दहा मिनिटं, समोरच्या माशीवर एक रिकामी पुंगळी उभी करून ट्रिगर ओढायचा, पुंगळी पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात दहातल्या सात पडायच्या. आता दहातली एखादी. सप्टेंबरमध्ये परत त्याच रेंजवर, त्याच साध्या साइटवर, उभं राहून सहा ग्रुप मारले. सरासरी ३.९ इंच. सगळे ए झोनच्या रुंदीत, कंपनीच्या बॅरलमधून, ज्याला मी मे महिन्यात दोष देत होते.

नवीन बॅरल तेल लावून डब्यात ठेवलंय. विकायचं मनात होतं पण आजोबा म्हणाले राहू दे, २५ यार्डांवर तुझा हात तीन इंचांच्या आत आला की मला सांग, मग आपण एक मोठ्या मापाचं बॅरल आणून गनस्मिथकडून बसवून घेऊ आणि तुला ५० वर उभी करू. गेल्या शनिवारचा सगळ्यात चांगला ग्रुप ३.२ होता, पण तो एकच आहे, बाकीचे पाच अजून तिथे आलेले नाहीत.